उगी

"सर, बोरं नव्हती. पेरू होता."

हर्षदा माझ्या टेबलाशी उभी होती. हेडफोन गळ्यात, त्याची वायर मनगटाला गुंडाळलेली.

"कसला पेरू?"

"सहाव्या घाटावर उगी पायरीवर बसलेली असते ना, तिच्या ओच्यात तुम्ही बोरं दाखवलीत. पेरू होता. एकच. अर्धा खाल्लेला."

मी स्क्रीनवरची नजर काढली नाही. "बदलतो," म्हणालो.

ती हलली नाही. "हा प्रसंग कुठनं सुचला सर तुम्हाला?"

"असाच."

"बरं," ती म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. दहा मिनिटांनी यादीत नवी नोंद दिसली.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा आम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत, एका साडीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरचे खेळ बनवायचो. माणसं अकरा. मालक इंद्रजित शिंत्रे, सगळ्यांचा इंद्रजितदादा. खेळातल्या माणसांचं बोलणं आणि त्यांच्या आयुष्यात काय घडतं, ते लिहायचं काम माझं. हर्षदा टेस्टर. म्हणजे आम्ही बनवलेला खेळ तिनं दिवसभर खेळायचा आणि कुठे काही चुकलं तर यादीत टाकायचं. या चुकीला आम्ही बग म्हणायचो. प्रत्येक बगाखाली दोन ओळी असत: काय होतंय, आणि काय व्हायला हवं.

त्या दिवशीची तिची नोंद अशी होती. काय होतंय: उगी घाटावर बसून रडते. काय व्हायला हवं: उगी रडत नाही.

खेळाचं नाव 'सात घाट'. खेळणारा असतो एक नावाडी, त्याला नदीचे सात घाट पार करायचे असतात. त्याला आडवी येते विखार नावाची बाई. नदीवरच्या लुटारूंची म्होरकी. पहिल्या तीन घाटांवर ती त्याची नाव बुडवते, चौथ्यावर स्वतःच जखमी होऊन त्याच्या नावेत येऊन पडते, आणि तिथून पुढे दोघांचा प्रवास एकत्र होतो. ती हळूहळू बदलते, शेवटी स्वतःच नाव चालवून लोकांना पलीकडे सोडायला लागते. निदान तसं ठरलं होतं. पण मे महिन्यात इंद्रजितदादानं चार मित्रांना खेळ खेळायला दिला आणि मला केबिनमध्ये बोलावलं.

"पराग, ही बाई नुसती कावते की रे सगळ्यांवर. का कावते ते कुठं कळतंय? आणि चौथ्या घाटानंतर एकदम चांगली वागाय लागली, ती का? हिला काहीतरी मागचं दे. विखार हे काय आईबापानं ठेवलेलं नाव असणार आहे का? तिचं खरं नाव काय, ते शोध."

मी हो म्हणालो. त्या दिवसांत मी सगळ्यालाच हो म्हणत होतो. मार्चपासून माझं असं झालं होतं की दाढी करताना कापलं तरी रक्त दिसल्यावरच कळायचं. घरात आई, बायको रेवती आणि चार वर्षांची जुई. रेवतीचं आणि माझं बोलणं गॅस सिलिंडर, जुईचा डबा आणि दूधवाला एवढ्यावर आलं होतं. भांडण नव्हतं. भांडायला काहीतरी लागतं, तेवढंही उरलं नव्हतं. मी ऑफिसला यायचो, रिकाम्या पानाकडे बघत बसायचो आणि घरी जायचो. तीन आठवडे विखारची एक ओळ लिहून झाली नाही.

चहाच्या वेळी मी एकदा हर्षदाला सहज विचारलं, "एखाद्या मुलीला नावच वाईट ठेवलं असेल, तर तिला काय वाटत असेल?"

ती तेवीसेक वर्षांची होती. माण तालुक्यातलं गाव, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून इथे आलेली. बोलायची कमी. कपातला चहा संपवला, आणि मग म्हणाली, "माझं नाव नकुसा होतं सर."

तिच्या आधी तीन बहिणी. चौथीही मुलगीच झाली, म्हणून नकुसा. नको असलेली. शाळेच्या दाखल्यावर तेच, हजेरीत तेच. पुढे ती अकरावीत असताना तालुक्याच्या गावी अशा मुलींची नावं बदलायचा कार्यक्रम झाला. मांडव, हार, फोटो. बाईंनी अर्ज भरून घेतले. तिच्या अर्जावर बाईंनीच हर्षदा लिहिलं.

"हर्ष देणारी," ती म्हणाली. "कुणाला द्यायचा, ते काय सांगितलं नाही. आमच्या रांगेत तिघी हर्षदा होतो."

"मग बरं वाटलं का?"

"फोटो चांगला आला."

आणि मग तिनं आपणहून दुसरं सांगितलं. ती सहा वर्षांची असताना वडील तिला सायकलवर बसवून साखर कारखान्याकडे घेऊन गेले. वजनकाट्यापाशी एका दगडावर बसवलं, हातात पेरू दिला आणि म्हणाले, हितंच बस, आलोच. सकाळचे नऊ वाजले असतील. उसाच्या बैलगाड्या येत होत्या, जात होत्या. ती बसून राहिली. अर्धा पेरू खाल्ला, अर्धा वडिलांसाठी ठेवला. दिवस कलला तेव्हा वडील आले. सायकलवरून न उतरताच तिच्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आजून हितंच हायस व्हय?"

"मागं बसले, घरी आलो," हर्षदा म्हणाली. "मला कितीतरी वर्षं वाटायचं, कामात उशीर झाला असंल. कॉलेजला आल्यावर एकदा बसमध्ये बसले होते आणि एकदम कळलं, त्यांनी तसं का विचारलं ते."

तिनं कप विसळला आणि जाग्यावर गेली. मी माझ्या टेबलापाशी आलो आणि लिहायला लागलो. तीन आठवडे जे येत नव्हतं ते तीन दिवसांत झालं. विखारचं पहिलं नाव उगी. पाच मुलींच्या पाठीवर झालेली, उगीच झालेली, म्हणून उगी. आई तिच्या बाळंतपणातच गेली. बापानं तिला सहाव्या घाटावर बसवलं, ओच्यात बोरं टाकली आणि नाव घेऊन निघून गेला. दिवस मावळताना परत आला आणि म्हणाला, "अजून इथंच आहेस?" मग ती पळाली, लुटारूंना सापडली, त्यांनी तिला विखार केली. दोन नावं, दोन्ही दुसऱ्यांनी दिलेली. आणि सातव्या घाटावर पलीकडे जायला थांबलेला म्हातारा बाप भेटतो. ती सुरी घेऊन त्याच्यासमोर उभी राहते. तो बराच वेळ बोलतो. सगळं कबूल करतो, तिला नवं नाव देतो, आनंदी. ती सुरी टाकते, त्याच्या गळ्यात पडते.

इंद्रजितदादानं वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "रडवलंस की लेका!"

मी हर्षदाला विचारलं नव्हतं. विचारावं असं मनातही आलं नाही, हे मला जास्त नीट आठवतं.

खेळ गणपतीच्या आत बाजारात आणायचा होता. ऑगस्टमध्ये सहावा आणि सातवा घाट टेस्टिंगला गेला, आणि ती पेरूची गोष्ट घेऊन माझ्या टेबलाशी आली. बोरांचा पेरू केला. उगीचं रडणंही काढलं. नुसती बसलेली मुलगी आणि मागे वाहती नदी. तो प्रसंग आधीपेक्षा चांगला झाला, हे चित्रकारांनीही मान्य केलं.

दोन दिवसांनी तिनं सातव्या घाटाचा बग टाकला आणि त्यापुढे लाल खूण केली. लाल म्हणजे हे दुरुस्त झाल्याशिवाय खेळ बाहेर जाऊ शकत नाही. एरवी कॉम्प्युटर बंद पडला तरच लाल खूण व्हायची. काय होतंय: उगी बापाला माफ करते. काय व्हायला हवं: असं होत नाही.

इंद्रजितदादानं आम्हा सगळ्यांना मोठ्या खोलीत बसवलं.

"हर्षदा, हा बग नाही गं. ही स्टोरी आहे. स्टोरीत काय व्हायचं ते पराग ठरवणार."

"ती माझी आहे, सर."

"काय तुझी आहे?"

"स्टोरी. घाटावरची मुलगी. ते माझ्याबाबतीत झालंय. मी परागसरांना सांगितलं होतं."

वरच्या पंख्याची एक पात वाकडी होती, तिचा टकटक आवाज येत होता. दादानं माझ्याकडे बघितलं. ती मात्र माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिथे मला एवढंच म्हणायचं होतं: हो, तिची आहे.

मी म्हणालो, "तशा कितीतरी मुली आहेत, दादा. पेपरात येतंच की. कुणा एकीची अशी ती नाही."

हर्षदानं मान हलवली. "हो," ती म्हणाली. "पुष्कळ आहेत."

दादानं लाल खूण काढायला सांगितली आणि सगळे उठले.

दुपारी मी गच्चीवर उभा होतो. जेवायचं नव्हतं, पण जेवणाच्या सुट्टीत खाली बसलं की लोक डबा पुढे करतात, म्हणून वर आलो होतो. पाण्याच्या टाकीमागून हर्षदा आली. रागावलेली दिसत नव्हती. हातात तिची वही होती.

"सर, अजून एक चूक आहे. ती मी यादीत टाकलेली नाही. आधी तुम्हाला विचारावं म्हटलं."

"बोल."

"उगीची आई बाळंतपणात जाते. पहिल्या घाटावर नावाड्याला तसं सांगतात."

"हो."

"आणि बाप तिला घाटावर सोडतो तेव्हा एकटाच असतो. नावेत दुसरं कुणी नसतं."

"नसतं."

तिनं वहीतून वाचलं. मी लिहिलेलं, बापाच्या तोंडचं. "'परत येताना तुझी आई नावेत बसून होती. घाट येईपर्यंत तिनं तोंडातून शब्द काढला नाही. पदराचं टोक मुठीत धरून बसली होती. मी वल्हवत राहिलो. काहीतरी बोलायला हवं होतं, पण मी वल्हवत राहिलो.'" तिनं वही मिटली. "ही आई कुठनं आली, सर?"

ते वाक्य लिहिताना मला चूक कळली नव्हती. पुढे दहा वेळा वाचलं तेव्हाही नाही. दादाला कळली नाही, आवाज देणाऱ्या कलाकाराला कळली नाही.

"मुलीचं सगळं तुम्ही माझं घेतलंत," हर्षदा म्हणाली. "ते मला ओळखू आलं. पण बापाचं माझं नाही. माझा बाप असलं कधीच काही बोलला नाही. बोलणारही नाही. मग मी बघत बसले, हा कोण बोलतोय. हे कुणाचं आहे सर?"

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती होत नव्हती. किक, किक, किक.

"मार्चमध्ये आम्ही सीमेपलीकडे गेलो होतो," मी म्हणालो. "एका गावात. तिथं एक डॉक्टर होते. आधी बघितलं, मग चार दिवसांनी परत गेलो. पाचवा महिना होता. जुईच्या पाठीवर दुसरी."

माझा आवाज अगदी साधा होता. पत्ता सांगावा तसा.

ती वही छातीशी धरून उभी राहिली.

"कुणी ठरवलं?"

"आईनं. माझ्या आईनं."

"आणि बाईसाहेब?"

"ती नको म्हणत होती. मग म्हणायची थांबली."

"आणि तुम्ही?"

"मी गाडी चालवली."

स्कूटर सुरू होऊन निघून गेली. हर्षदा कठड्यापाशी आली, माझ्यापासून चार हात अंतर ठेवून उभी राहिली.

"म्हणून उगीनं माफ करायचं," ती म्हणाली.

मी खाली रस्त्याकडे बघितलं.

"ते माझ्याकडून करून घेऊ नका, सर. तुम्हाला जे पाहिजे ते ज्यांच्याकडून पाहिजे त्यांच्याकडे मागा. मिळेल, न मिळेल. माझ्या तोंडातून नको."

"मी सगळंच काढून टाकतो. सहावा घाट पण. दादाला सांगतो."

"काढू नका," ती एकदम म्हणाली. त्या दिवसात पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आता ती तिथं बसलीय, तर बसू दे. काढली की परत ती कुठंच नसणार."

"मग शेवटी काय करू? सुरी मारू दे का तिला?"

तिनं विचार केला. टेस्टिंग करताना करायची तसा, डोळे बारीक करून. "नाही. त्या म्हाताऱ्याला मारून काय? त्याला पलीकडे जायचंय ना? ती नाववाली झालीय आता. सोडू दे त्याला पलीकडे, बाकीच्यांना सोडती तशी. त्याला बोलायचंय ते बोलू दे. ऐकेल ती. पण गळ्यात नाही पडायची."

"आणि नाव?"

"ते आनंदीबिनंदी काढा. आधीच्यांनी नावं दिली, आता हा देणार, आणि ती घेणार? त्यात ती कुठं बदलली?" ती थांबली. "घरी मला अजून नकूच म्हणतात. मोठी बहीण फोनवर 'नकू, जेवलीस का' म्हणते ना, तेव्हा मला ते नाव वाईट लागत नाही. त्याच नावानं मी शाळेत पहिली आलेली आहे. त्याच नावानं विहिरीत पोहायला शिकले. मांडवात ते पुसून टाकलं तेव्हा वाटलं, माझी सतरा वर्षं पण पुसली की ह्यांनी." ती वळली. "उगीच राहू दे तिला. उगी हेच नाव."

ती जिना उतरून गेली. मी थोडा वेळ थांबलो आणि दादाच्या केबिनमध्ये गेलो.

"गोष्ट तिचीच आहे," मी म्हणालो. "तिनं मला सांगितली आणि मी तिला न विचारता घेतली."

दादानं चष्मा काढला. "मग सकाळी का बोलला नाहीस?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय पराग? ती पोरगी दहा जणांसमोर खोटी पडली की."

"हो."

तो माझ्याकडे बघत राहिला. शिवी देईल असं वाटलं, दिली नाही. त्यानं सगळ्यांना परत मोठ्या खोलीत बोलावलं आणि मला तेच सर्वांसमोर बोलायला लावलं. मी बोललो. हर्षदानं ऐकलं आणि विचारलं, "आता जाऊ का? पाचवा घाट राहिलाय बघायचा."

संध्याकाळपर्यंत मी सातवा घाट नव्यानं लिहिला. फार काही नव्हतं. म्हातारा नावेत बसतो. उगी वल्हं घेते. तो बोलतो, ती वल्हवते. पलीकडचा काठ दिसायला लागतो तेव्हा तो म्हणतो, "पोरी, तुला एक चांगलं नाव द्यायचं राहिलंच माझ्याकडून." ती म्हणते, "मला नाव आहे." तो विचारतो, काय? ती म्हणते, "उगी." नाव काठाला लागते. ती त्याला हात देऊन उतरवते आणि मागे न बघता निघते.

दादानं ते वाचलं. "एवढंच? कुणी रडत नाही?"

"नाही."

त्यानं पुन्हा वाचलं. "जाऊ दे हेच," म्हणाला.

खेळ संपल्यावर पडद्यावर काम करणाऱ्यांची नावं येतात. ती यादी त्याच आठवड्यात पक्की होत होती. ऑफिसातली मुलगी कागद घेऊन सगळ्यांकडे फिरत होती, ज्यानं त्यानं आपलं पूर्ण नाव लिहायचं. हर्षदानं लिहून कागद माझ्याकडे सरकवला. मी वाचलं. हर्षदा नकुसा माने.

"वडिलांचं नाव नामदेव ना गं तुझ्या?" कागदवाल्या मुलीनं विचारलं.

"हो," हर्षदा म्हणाली.

"मग मध्ये हे काय?"

"बरोबर आहे ते. तसंच टाक."

त्या शुक्रवारी मी लवकर घरी गेलो. आई शेजारच्या सोसायटीत भजनाला गेली होती, जुईलाही बरोबर नेलं होतं. रेवती स्वयंपाकघरात खाली बसून डाळिंब्या सोलत होती. मी समोर बसलो आणि ताटातल्या मूठभर घेतल्या. तिनं बघितलं. मला सोलता येत नव्हत्या, दोन फुटल्या.

"मी ऑफिसमध्ये एका मुलीला सांगितलं," मी म्हणालो. "मार्चचं."

तिची बोटं थांबली.

"कुणाला?"

"हर्षदा म्हणून टेस्टर आहे."

"का?"

मी तिला सगळं सांगितलं. घाट, पेरू, नावेतली आई. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. सांगून झालं तेव्हा तिनं हात पदराला पुसले.

"पाच महिने मी वाट बघत होते," ती म्हणाली. "तू काहीतरी बोलशील. चूक झाली म्हण, बरोबर केलं म्हण, काहीही. रात्री तू कूस बदललीस तरी वाटायचं, आता बोलतोस. आणि बोललास ते त्या पोरीपाशी."

"हो."

"आणि त्याआधी खेळात लिहिलंस."

"हो."

ती पुन्हा सोलायला लागली. सालं एका बाजूला, डाळिंब्या पातेल्यात. मग म्हणाली, "मी नाव ठेवलं होतं."

"कधी?"

"चौथ्या महिन्यात. बघायला जायच्या आधीच. मला मुलगीच वाटत होती. जुईला सोबत."

"काय नाव?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मार्चनंतर पहिल्यांदाच नीट बघितलं असेल.

"नाही, पराग. ते नाही," ती म्हणाली.

दिवाळीनंतर रेवतीनं बँकेतून मिरजेला बदली घेतली आणि जुईला घेऊन गेली. मी अडवलं नाही. आईनं अडवलं, पण रेवतीनं उत्तर दिलं नाही. 'सात घाट' बऱ्यापैकी चालला. उगीबद्दल लोकांनी पत्रं लिहिली, तिनं बापाला मारायला हवं होतं असं काहींनी, माफ करायला हवं होतं असं काहींनी. दुसऱ्या वर्षी हर्षदा बंगळूरला मोठ्या कंपनीत गेली. जाताना सगळ्यांना पेढे दिले, मलाही दिला. आईला जाऊन आता तीन वर्षं झाली. तिच्याशी मी या विषयावर कधीच बोललो नाही. तीही नाही.

दर रविवारी मी मिरजेला जातो. जुई तेरा वर्षांची झाली. स्टेशनजवळच्या एका हॉटेलात आम्ही डोसा खातो, मग मी तिला घरी सोडतो. परवाच्या रविवारी ती डोशाचा तुकडा चटणीत फिरवत म्हणाली, "बाबा, आई रोज देवापुढं दिवा लावताना दोन नावं घेते. एक माझं. दुसरं कुणाचं आहे ते सांगत नाही."

"तू विचारलंस?"

"खूपदा. परवा म्हणाली, कुणाचं ते बाबा सांगेल. नाव सांगू का तुला?"

"नको," मी म्हणालो. "नाव आईजवळ राहू दे."

"मग कुणाचं आहे ते तरी सांग."

मी सांगितलं. गाव कुठलं, महिना कुठला, आजी काय म्हणाली, आई काय म्हणाली आणि मी काय केलं. माझा आवाज या वेळी साधा राहिला नाही, मध्ये दोनदा थांबावं लागलं. वेटर बिल ठेवून गेला.

"माझ्या वेळी बघितलं होतं?" तिनं विचारलं.

"नाही."

"बघितलं असतं तर?"

"माहीत नाही," मी म्हणालो. तेच खरं होतं.

ती उठली, हात धुवायला बेसिनपाशी गेली. पाठमोरी बराच वेळ उभी होती. नळ चालूच होता. परत आली तेव्हा माझ्या शेजारची तिची नेहमीची खुर्ची सोडून समोरच्या खुर्चीवर बसली. पण बसली.